वरचं कोर्ट

स्वर्गाची मला कधीच ओढ नव्हती. नंदनवन, कल्पवृक्ष, अमृताचे पेले, अप्सरांचे नाच ही वर्णनं ऐकली की ओळखीचं कुणी नसलेल्या लग्नघरात दोन दिवस काढावे लागणार, असं काहीतरी वाटायचं. बरं, ती जागाही कायमची नाही. पुण्य सरलं की परत खाली पाठवणी, हे गीतेतच सांगून ठेवलंय. भाडेपट्ट्याची मुदत संपली, जागा मोकळी करा. एवढ्यासाठी जन्मभर उपासतापास करण्यात मला हशील दिसला नाही.

नरक मात्र मला हवा होता. अगदी मनापासून हवा होता. देवावर विश्वास आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी चाचरलो असतो. पण नरक आहे, हे वयाच्या विसाव्या वर्षापासून मी शपथेवर सांगितलं असतं. आज अडुसष्टाव्या वर्षी ते सांगवत नाही.

१९७६ साली, पेरण्यांच्या आधी, वडील गेले. सुतकात रोज संध्याकाळी घरात गरुडपुराण लावलं होतं. गुरुजी एक अध्याय वाचायचे आणि मग मराठीत अर्थ सांगायचे. मेलेल्याला चालत जावी लागणारी ती हजारो योजनांची वाट, वैतरणी, यमाचे दूत. जळूनही जळत नाही आणि तुटूनही मरत नाही असा यातनादेह. बायका पदर डोळ्यांना लावून ऐकायच्या. मी ऐकत होतो ते एकाच गोष्टीसाठी. जमीन लाटणाऱ्याला तिथं काय मिळतं?

कारण जमीन लाटणारा माझ्यापासून तीन फुटांवर घोंगडीवर बसलेला होता. माझे चुलते, अण्णा. ७२च्या दुष्काळात विहीर आटली, तेव्हा वडिलांनी धाकट्या भावाकडून थोडे पैसे घेतले आणि त्यानं पुढे केलेल्या कागदावर सही केली. दोन वर्षांनी कशासाठी तरी सातबारा काढला, तर विहिरीकडच्या दीड एकराला वडिलांचं नावच नाही. फेरफार मंजूर झालेला. नोटीस मिळाल्याची वडिलांची सही त्यावर होती, जी त्यांनी कधी केलीच नव्हती. साक्षीला भावकीतलेच दोघे. "भावावर दावा लावू का मी?" एवढंच वडील म्हणाले, आणि त्यानंतर दोन वर्षांत गेले.

गुरुजी कुंभीपाकापर्यंत आले, उकळत्या तेलाची कढई, तेव्हा मी अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना डुलकी लागली होती.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे समोरच्या करंजाच्या झाडावर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग नेहमीप्रमाणे बोलणी सुरू झाली. आईला सांभाळीन, असं मी म्हणालो. कावळा हलला नाही. बहिणीचं लग्न करीन. नाही. आजोळच्या मामांनी हात जोडून काहीतरी कबूल केलं. नाही. ऊन चढत चाललं, दह्याभाताला मुंग्या लागल्या. शेवटी भावकीतले एक म्हातारे अण्णांकडे वळून, अगदी हळू आवाजात, म्हणाले, "अण्णा, तुम्ही बोला की काहीतरी." सगळे गप्प झाले. नदीचा आवाज येत होता, इतके गप्प. अण्णांनी धोतराचा सोगा उचलला, घड्याळात बघितलं, आणि गुरुजींना विचारलं, "दर्भाचा कावळा चालतो ना?"

चालतो. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिवला, आणि आम्ही अंघोळी करून घरी आलो. त्या रात्री आई म्हणाली, "वर बघतील त्याला." त्या तीन शब्दांवर मी पुढची चाळीस वर्षं काढली.

१९७९ साली मी कोर्टात कारकून म्हणून लागलो आणि २०१४ साली निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं बेंच क्लार्क. रोजनामा लिहिणं, बोर्ड लावणं, मुद्देमालाला नंबर टाकणं. न्याय कसा होतो हे मला न्यायाधीशांपेक्षा जास्त जवळून दिसायचं, कारण त्यांना कागद दिसायचे आणि मला व्हरांडा दिसायचा. आत फितूर झालेला साक्षीदार बाहेर कुणाच्या मोटारसायकलवर बसून जातो, हे व्हरांड्यातच दिसतं. पुराव्याअभावी निर्दोष, संशयाचा फायदा देऊन निर्दोष. हे शब्द मी किती वेळा लिहिले असतील याचा हिशोब नाही, आणि त्यातले सगळेच चुकीचे होते असंही नाही. पण ज्या दिवशी ते चुकीचे आहेत हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं, त्या दिवशी मी घरी जाताना मनातल्या मनात ते प्रकरण वर पाठवून द्यायचो. वरचं कोर्ट. तिथं अपील नाही, तहकुबी नाही आणि साक्षीदार फुटत नाहीत.

हे मी गमतीनं म्हणत नाही. आपल्याकडे साक्षीदारांची यादीच आहे. सूर्य, चंद्र, वारा, अग्नी, आकाश, जमीन, पाणी, माणसाचं हृदय, दिवस, रात्र, दोन्ही संध्या. दुष्यंत ओळख नाकारतो तेव्हा महाभारतातली शकुंतला भर दरबारात हेच साक्षीदार पुकारते. गरुडपुराणात तर 'श्रवण' नावाचे खास दूत आहेत, माणसाचं सगळं बोलणंवागणं चित्रगुप्ताच्या कानावर घालणारे. कोर्टात राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था किती सुंदर वाटेल, याची इतरांना कल्पना यायची नाही.

निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, म्हणून हे सगळं मुळातून वाचायला घेतलं. पहिला फजितीचा क्षण भागवताच्या पाचव्या स्कंधात आला. तिथं २८ नरकांची नावानिशी यादी आहे, कोणत्या पापाला कोणता नरक हेही दिलंय. मनुस्मृतीत २१च आहेत. पण भागवतातली यादी पीनल कोडासारखी वाचता येते. पाहतो तर कुंभीपाक आहे जिवंत पशुपक्षी शिजवणाऱ्यांसाठी! दुसऱ्याचं धन हडपणाऱ्याला तामिस्र: अंधार, उपासमार आणि मार. म्हणजे मी अण्णांवर चाळीस वर्षं चुकीचं कलम लावून बसलो होतो.

आणि मग ताम्रपट. जुन्या दानपत्रांत राजा ब्राह्मणाला किंवा देवळाला जमीन देतो. सीमा, झाडं, पाणी सगळं लिहितो आणि शेवटी बजावतो, की भूमी देणारा ६०,००० वर्षं स्वर्गात राहील आणि ती हिरावणारा तितकीच वर्षं नरकात. शतकानुशतकं, वेगवेगळ्या राजवटींच्या कागदात (कागद कसला, तांब्यात) हेच कलम. दगडावर तर याहून रोखठोक. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाला अनेक अभ्यासक मराठीतला सर्वांत जुना मानतात, शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा. तो गद्धेगाळ आहे. वर चंद्रसूर्य, आणि खाली, दान मोडणाऱ्याच्या आईबद्दल, गाढवाचं ते ओंगळ चित्र. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं. मला त्या राजांची कीवच आली. हातात तलवार, पदरी सैन्य, आणि आपण गेल्यावर आपला दस्त कोण पाळेल याचा भरवसा नाही. म्हणून नरकाला साक्षीला ठेवायचं. माझी आईही तेच करत होती.

त्या कलमात आणखी एक शब्द आहे, तो पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटला होता. जमीन हिरावणारा आणि त्याला अनुमोदन देणारा, दोघांनाही तितकीच वर्षं. त्याच्याकडे मागाहून येतो.

आता ती बाई. सेशन्सचा खटला, बांधावरून झालेला खून. बाई मयताची आई. सहा वर्षं प्रत्येक तारखेला यायची. शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, मांडीवर कापडी पिशवी. साक्ष झाली तेव्हा उलटतपासात वकिलानं तिला पार सोलून काढलं, तरी ती पुढच्या तारखेला हजर. निकालाच्या दिवशी साहेबांनी आरोपी दोषी असल्याचं वाचून दाखवलं. दोषी धरणं वेगळं आणि शिक्षा वेगळी. शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, फौजदारी संहितेचं तेव्हाचं कलम २३५(२). साहेब म्हणाले, शिक्षेवरचं म्हणणं जेवणानंतर. मी बाहेर आलो तर बाई पायऱ्या उतरत होती.

"अहो आजी, थांबा. शिक्षा दुपारी सांगणारेत."

ती वळली. म्हणाली, "म्हनालं न्हवं सायेब, ह्यानंच मारलं म्हून? समद्यांम्होरं म्हनालं. आता माजी गाडी जाईल."

आणि गेली. दुपारी जन्मठेप झाली, ती मी रोजनाम्यात लिहिली. बाई भोळी आहे, तिला कायदा कळत नाही, असं मला वाटलं. पुढे वीस-पंचवीस वर्षं तेच वाटत राहिलं.

२०२३च्या पावसाळ्यात चुलतभावाचा फोन आला. अण्णा आता काही दिवसांचे आहेत, येऊन जा. अण्णा नव्वदीला टेकले होते. सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या घराचा उंबरा मी चढलो नव्हतो. लग्नाकार्यात लांबून दिसायचे तेवढंच. एसटीत बसल्याबसल्या मी वाक्यं जुळवली. आवाज चढवायचा नाही. फक्त विचारायचं, नोटिशीवरची सही कुणी केली?

खोलीत डेटॉलचा आणि लघवीचा वास. अण्णा कुशीवर पडलेले, पांघरुणाबाहेर पाय. घोट्यापाशी कातडी कागदासारखी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "दादा," म्हणाले, "किती उशीर. जेवलास का?"

दादा म्हणजे माझे वडील. चेहरामोहरा मी वडिलांचाच घेतलाय. चुलतभाऊ मागून पुटपुटला, हल्ली कुणाला ओळखत नाहीत, रात्री दादा दादा करत बसतात. अण्णांनी माझा हात धरला तो सोडेनात. मी काय बोलणार? बचाव करण्याइतकी बुद्धी शाबूत नसेल तर आरोपीचा खटला तहकूब ठेवावा, असं आपला कायदाच सांगतो. मी "जेवलो" म्हणालो.

परतीच्या गाडीत मी प्रयत्न केला, लपवत नाही. डोळे मिटून त्यांना त्या अंधारात पाठवायचा, उपाशी ठेवायचा, मार द्यायचा. ते पाय सारखे मध्ये यायचे. बरं, यातनादेह नवा मिळतो असं धरू. पण त्या देहाला ७२ साल आठवणार का? आठवणार नसेल तर फटके कुणाला बसतायत? आणि आठवणार असेल, तर फटक्यांची गरज काय? मला फटके नकोच होते. कधीच नको होते बहुतेक. करंजाखाली सगळे गप्प झाले होते तेव्हा मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं. ते मिळालं नाही म्हणून मी त्याऐवजी कढई मागितली. बाईला दुपारचं कामकाज कशाला नको होतं, ते मला तेव्हा त्या गाडीत कळलं.

महाभारताचं शेवटचं पर्व, स्वर्गारोहणपर्व, त्यानंतर पुन्हा वाचलं. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि पहिलं काय बघतो, तर दुर्योधन तेजानं झळकत आसनावर बसलेला. तो भडकतो. मला याच्याबरोबर राहायचं नाही, माझे भाऊ कुठे आहेत तिथं न्या, म्हणतो. नारद हसून सांगतो, की इथं वैर उरत नाही. मग देवदूत त्याला दुर्गंधीच्या, काळोख्या वाटेनं नेतो. तिथं कर्णाचे, भीमार्जुनांचे, द्रौपदीचे आवाज येतात, की थांब, तू आलास तर गार वारा सुटलाय. आणि तो थांबतो. देवदूताला म्हणतो, तू जा परत. धर्मराजाचं कौतुक करतात ते इथं. मला कौतुक वाटतं त्याच्या आधीच्या रागाचं. कारण पुढे तो आकाशगंगेत स्नान करतो, मनुष्यदेह टाकतो, आणि त्याबरोबर वैर आणि दुःखही जातं. सगळे एकत्र, सगळे प्रसन्न. पण मध्ये एक गोष्ट राहूनच गेली. द्यूतसभेत जे झालं ते चुकीचं होतं, हे तिथं दुर्योधनाला द्रौपदीसमोर कुणी म्हणायला लावलं नाही. अंघोळ घालून प्रकरण निकाली काढलं.

माझी आई हे माझ्याआधी ओळखून होती. शेवटच्या आजारपणात कीर्तनकारांच्या तोंडचं काहीतरी आठवून म्हणाली होती, "तिथं गेल्यावर मागचं सगळं विसरतं म्हणतात. मग मी जाऊन काय करू? ह्यांना मी आठवणार नाही आणि मला ते."

तर माझं मत बदललं ते असं. स्वर्ग नकोच होता, आता नरकही नको. यमाला रजा. पण चित्रगुप्ताला सोडायला मी तयार नाही. ती वही असावी, आणि एकदा, ज्याचं नुकसान झालं त्याला समोर बसवून, ती मोठ्यानं वाचली जावी. गरुडपुराणाच्या त्या अख्ख्या कामकाजात मला एक मोठी त्रुटी दिसते: फिर्यादीला नोटीसच नाही. आरोपीला फरफटत आणतात, हिशोब वाचतात, शिक्षा फर्मावतात, आणि ज्याची जमीन गेली तो भलतीकडेच. अजामिळाचं तर विचारू नका. मरताना मुलाला 'नारायण' म्हणून हाक मारली आणि तांत्रिक मुद्द्यावर सुटला. विष्णुदूत आणि यमदूत त्याच्या अंथरुणापाशी जो युक्तिवाद करतात तो कुठल्याही वकिलानं वाचावा. लगेच वैकुंठ मिळालं नाही, आधी गंगाद्वारी जाऊन तप करावं लागलं, म्हणजे तो सशर्त जामीनच. पण ज्या बायकोला त्यानं टाकलं होतं, तिला कुणी कळवलं?

अण्णा महिनाभरात गेले. दहाव्याला मी गेलो. त्याच नदीवर, करंज मात्र आता नाही, तिथं सिमेंटचा घाट झालाय. पिंड ठेवला. मी मनाची तयारी करून उभा होतो, की आता तास-दोन तास जाणार, माणसं माझ्याकडे बघणार. गुरुजींचा हात मागे होतो न होतो तोच कावळा आला, पिंडाला चोच मारली, भाताचं ढेकूळ घेतलं आणि उडाला. "पुण्यवान माणूस," कुणीतरी म्हणालं. मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त करून बाजूला झालो.

घरी परतल्यावर चुलतभाऊ परसात बादलीशी पाय धूत होता. मी जवळ गेलो. म्हणालो, "विहिरीकडचं दीड एकर आमचं होतं. नोटिशीवरची सही दादांची नव्हती. मला जमीन नको, मी म्हातारा झालो. तुला माहीत असावं एवढंच."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "माहितीय," म्हणाला. "आई सांगायची."

त्यानं चहा विचारला. मी घेतला, दोन कप घेतला.

राहिला तो अनुमोदनाचा शब्द. १९९१ साली मी नक्कल विभागात होतो. एक म्हातारा दिवाणी दाव्यातल्या हुकुमाची नक्कल मागायला लांबून यायचा. पहिल्या दिवशी मी चहापाण्याचं सुचवलं, त्यानं सगळ्यांदेखत पावतीचा दर विचारला. मला ते झोंबलं. तो तीनदा आला. तिन्ही वेळा मी साहेबांची सही राहिलीय म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता. चौथ्यांदा त्याचा मुलगा आला आणि नक्कल घेऊन गेला, आणि म्हातारा का आला नाही हे मी विचारलं नाही. २८ नरकांत यासाठी कलम नाही, मी शोधून पाहिलंय. तेलाची भीती मला वाटतही नाही. त्या वहीतलं ते पान त्याच्यासमोर वाचलं जाईल याची वाटते, आणि ते वाचलं जावं असंही वाटतं.

दाव्याचा नंबर मला पाठ आहे. त्याचं नाव लिहीत नाही. पण बाबा, नक्कल तयार होती. तुम्ही पहिल्यांदा आलात त्या सोमवारीच सहीशिक्क्यानिशी तयार होती. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात होती.